श्वासाची वाट आणि घासाची वाट

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहूर हे गाव लागते. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूर नदी लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेऊन या बाजूने उतरते आणि पुढे तापीस मिळते. जमीन काळी, मुख्य पीक कापसाचे, त्याबरोबर मका, ज्वारी व कडधान्ये. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत दुपारी निंबाखाली बांधलेल्या बैलाच्या कुशीकडे शेतकरी बंधूंनी थोडा वेळ पाहावे. ती भात्यासारखी वर-खाली होत असते. आपण म्हणतो, ‘बैलाला धाप लागली,’ आणि पुढे जातो. ही धाप म्हणजे काय, ती कोठवर साधी आणि कोठून पुढे धोक्याची, याचा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आला तर फार उशिरा येतो. माझ्या बाबतीत तो तसाच आला.

नोकरीचे माझे दुसरे वर्ष होते. श्रावणात पहूरच्या परिसरात कपाशीची पाहणी करीत असता एका वस्तीवर गडबड दिसली. ओला हिरवा चारा पोटभर खाऊन एक बैल फुगला होता. डावी भकाळी ढोलासारखी ताणली होती, आणि जनावर मान लांब करून कण्हत होते. पशुवैद्य दुसऱ्या गावी गेलेले होते. घरातील वडील माणसाने गोडेतेल आणविले. बैलाचे तोंड दोराने वर ओढून गोठ्याच्या आढ्याला बांधले, जीभ बाहेर खेचून धरली आणि बांबूच्या नळकांड्यातून तेल ओतण्यास सुरुवात केली. दोराचे एक टोक माझ्या हाती दिले गेले. बैल दोनदा ढासला. तेल नाकातून परत आले. तरी उरलेले नळकांडे रिते करण्यात आले. सायंकाळपर्यंत पोट उतरले, आणि सर्वांनी मला चहा दिला.

चौथ्या दिवशी मी त्याच वाटेने परत गेलो तेव्हा बैल कोपरे फाकवून, मान खाली घालून उभा होता. अंगात ताप होता. चारा त्याने सोडला होता. श्वासाबरोबर छातीत खरखर ऐकू येत होती. म्हातारबाबांनी मला विचारले, ‘‘साहेब, पोट तर उतरलं. मग ही धाप कशाची?’’ तोवर पशुवैद्य येऊन औषधे देऊन गेले होते, परंतु तेल फुप्फुसात गेल्यावर ते परत काढता येत नाही. आठवडा पुरा होण्याच्या आत बैल गेला. ऐन कोळपणीच्या दिवसांत त्या घरी एकच बैल राहिला.

औषध चुकीचे नव्हते. फेसाळ पोटफुगीत तेलाने फेस मोडतो व वायूला वाट मिळते. चुकले ते तोंड वर ओढण्यात. मी कृषिशास्त्राचा पदवीधर होतो. गायीच्या घशाची रचना परीक्षेत काढून दाखविलेली होती. दोर मात्र मी धरून ठेवला. त्या म्हातारबाबांच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मी नीट दिले नाही, ते येथे सविस्तर देतो.

हवेचे सुमारे ७८ भाग नत्रवायूचे व २१ भाग प्राणवायूचे असतात. कर्बवायू, ज्याला आज सर्रास कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो शेकडा ०.०४ च्या आसपास असतो. आपण जी हवा बाहेर सोडतो तिच्यात प्राणवायू सुमारे १६ भागांवर आलेला असतो व कर्बवायू ४ भागांपर्यंत चढलेला असतो. जेवढा प्राणवायू आत राहिला तेवढ्यावर शरीराची चूल पेटते. फ्रान्समधील लव्हाझिये या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस गिनीपिग या लहान प्राण्यावर प्रयोग करून हे दाखविले की, श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच होय. पाचोरा-जामनेर ही आपली लहान रेल्वे २०२० साली बंद पडली. तिचे वाफेचे इंजिन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ते कोळसा खाई, हवा घेई, धूर सोडी आणि ओझे ओढी. बैल कडबा खातो, हवा घेतो, कर्बवायू सोडतो आणि औत ओढतो. फरक इतकाच की बैलाची आग ज्योतीविना, प्रत्येक पेशीत, थोडीथोडी जळते.

आता अडचण अशी की, वायू हा कोरड्या कातडीतून रक्तात शिरत नाही. त्याला ओलसर व अत्यंत पातळ पडदा लागतो. पाण्यातील माशाला ओलाव्याची चिंता नसते, पण प्राणवायूची टंचाई असते. उन्हाळ्यातील कोमट पाण्याच्या एका लिटरात प्राणवायू जेमतेम ६ घनसेंटिमीटर विरघळलेला असतो, तर एक लिटर हवेत तो २१० घनसेंटिमीटर असतो. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना प्राणवायूची सुबत्ता लाभली, मात्र तो घेण्याचा ओला पडदा उन्हावाऱ्यात सुकून जाण्याचे संकट त्यांच्यामागे लागले. आपल्या शेतातील निरनिराळ्या प्राण्यांनी हे कोडे निरनिराळ्या रीतीने सोडविले आहे.

गांडुळाने ते सोडविलेच नाही असे म्हटले तरी चालेल. त्याला फुप्फुस नाही, नाक नाही. सगळी त्वचा हेच त्याचे नाक. म्हणून ती सदा बुळबुळीत राहावी लागते. वैशाखात काळी जमीन भेगाळली की गांडूळ खोल ओलीत जाऊन वेटोळे करून पडते. उलट मृगाच्या जोरदार सरीनंतर ती बांधावर आलेली दिसतात. अशी वर आलेली गांडुळे ऊन पडताच वाळून मरतात, कारण त्वचा सुकली की श्वास थांबला. गांडूळखताच्या वाफ्यावर ओले गोणपाट का घालावयाचे व पाणी तुंबू का द्यावयाचे नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यातच आहे.

बेडकाने एक पाऊल पुढे टाकले. त्याला फुप्फुसे आहेत, परंतु बरगड्यांचा पिंजरा नाही. म्हणून तो गळ्याची पिशवी खाली-वर करून हवा आत ढकलतो. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून त्वचेनेही श्वास घेतो.

कीटकांची तऱ्हा सर्वांहून वेगळी. कपाशीच्या बोंडातील अळी तळहातावर घेऊन भिंगाने पाहिल्यास तिच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. प्रत्येक बाजूस नऊ. ही तिच्या श्वासाची छिद्रे होत. त्यांतून निघालेल्या नळ्या फुटत फुटत इतक्या बारीक होतात की त्या थेट प्रत्येक स्नायूपर्यंत हवा पोहोचवितात. रक्ताने प्राणवायू वाहून न्यावा लागत नाही. आपल्या घरातील आयाबाया तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवतात, ती रीत या दृष्टीने मोठी शहाणपणाची आहे. तेलाचा पातळ थर भुंगेऱ्याच्या अंड्यावर बसला की आतील जीवास प्राणवायू मिळेनासा होतो व तो गुदमरतो. तेथे विष काही नाही.

कोंबडीची फुप्फुसे लहान असून बरगड्यांना चिकटलेली असतात. ती आपल्या फुप्फुसांप्रमाणे फुगत नाहीत. त्यांना जोडून शरीरभर नऊ हवेच्या पिशव्या असतात. त्या भात्याचे काम करतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहती ठेवतात. एका श्वासात घेतलेली हवा बाहेर पडावयास दोन श्वास लागतात. या व्यवस्थेमुळे पक्षी उंच आकाशातील विरळ हवेतही उडू शकतो. पण कोंबडीला घाम येत नाही. उष्मा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते आणि ओलाव्याबरोबर कर्बवायूही अधिक बाहेर टाकते. रक्तातील कर्बवायू घटला की अंड्याच्या कवचास लागणारा चुना नीट बनत नाही. मे महिन्यात अंडी पातळ कवचाची निघू लागली की पुष्कळ लोक खाद्य विकणाऱ्यास दोष देतात. त्यांनी आधी खुराड्याचे छप्पर चाचपून पाहावे.

आता गुरांकडे वळू. गाय, बैल, म्हैस, शेळी व माणूस यांनी आपला ओला पडदा छातीच्या पिंजऱ्यात लपविला आहे. नाकात शिरलेली कोरडी, धुळीची हवा नाकातील वळणांवरून जाताना ओली होते, गाळली जाते आणि मग श्वासनलिकेत उतरते. श्वासनलिकेला दोन फांद्या, त्यांना आणखी फांद्या, अशा शेकडो वाटा होऊन शेवटी सुईच्या अग्राएवढ्या वायुकोशांत ती पोहोचते. माणसाच्या फुप्फुसांत असे कोट्यवधी कोश असून ते सपाट पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. प्रत्येक कोशाभोवती केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पाटाचे पाणी जसे उंच वाफ्यातून सखल वाफ्यात आपोआप उतरते, तसा प्राणवायू हवेतून रक्तात उतरतो, कारण रक्तात तो कमी असतो. कर्बवायू रक्तात अधिक असतो म्हणून तो उलट दिशेने हवेत येतो. रक्तातील लोहयुक्त तांबडा पदार्थ, हिमोग्लोबिन, हा प्राणवायूचा वाहक होय. छातीच्या तळाशी श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू असतो. तो खाली ओढला गेला व बरगड्या उचलल्या गेल्या की छाती मोठी होते आणि हवा आत येते.

येथे बैलाच्या देहरचनेतील दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, शरीराच्या मानाने गायीबैलांची फुप्फुसे लहान असतात. घोड्याप्रमाणे त्यांच्यात राखीव ताकद नाही. दुसरी म्हणजे, श्वासपटलाला लागूनच पलीकडे त्यांचे अवाढव्य पहिले पोट असते. त्या पोटात चारा आंबत असताना कर्बवायू व मिथेन मोठ्या प्रमाणात तयार होतात, आणि जनावर ते ढेकरावाटे सतत सोडीत असते. कोवळा ओला घास, विशेषतः लसूणघास वा बरसीम, उपाशी पोटी भरपूर खाल्ल्यास आतील रस साबणासारखा फेसाळतो आणि ढेकर अडतो. पोट फुगत जाऊन श्वासपटलास छातीकडे रेटते. फुप्फुसाला पसरण्यास जागा उरत नाही. म्हणजे पोटफुगीने मरणारे जनावर पोटाच्या दुखण्याने नव्हे, तर गुदमरून मरते. म्हणूनच अगदी निकराच्या वेळी पशुवैद्य डाव्या भकाळीत नळीची सुई खुपसून वायू मोकळा करतात. ते काम त्यांनीच करावयाचे आहे.

आणि आता त्या नळकांड्याविषयी. तोंडाच्या मागे, घशात, श्वासाची वाट आणि घासाची वाट एकमेकींना ओलांडून जातात. श्वासनलिका खालच्या बाजूस, अन्ननलिका वरच्या बाजूस. जनावर गिळते त्या क्षणी श्वासनलिकेच्या तोंडावर एक झाकण पडते व घास वरच्यावर सरकून अन्ननलिकेत जातो. पण गिळण्यासाठी जीभ मोकळी असावी लागते व मान सरळ असावी लागते. तोंड आढ्याला बांधून जीभ बाहेर ओढली की बैलाला गिळताच येत नाही. ओतलेले तेल घशात साठते, आणि त्याने श्वास घेतला की ते उघड्या श्वासनलिकेत जाते. तो ढासला, याचा अर्थ एवढाच की तेल चुकीच्या वाटेला लागले होते आणि ते परत फेकण्याची त्याची शेवटची धडपड चालली होती. पाण्यासारखे औषध गेले तर थोडेफार शोषले तरी जाते. तेल वायुकोशांवर पसरून बसते, वायूची देवघेव तेथेच थांबते, आणि मागाहून सूज व पू होतो.

म्हणून औषध पाजताना जनावराचे तोंड त्याच्या पाठीच्या रेषेहून फार वर उचलू नये. नाकाड डोळ्यांच्या पातळीपर्यंत आले की पुरे. जीभ धरू नये. नळकांडे गालाच्या कोपऱ्यातून आत घालावे व घोटाघोटाने, गिळण्यास वेळ देऊन ओतावे. जनावर ढासले की तत्क्षणी डोके सोडून द्यावे. औषध सांडले तरी चालेल. जे जनावर पडलेले आहे, ज्याची शुद्ध हरपली आहे किंवा जे गिळत नाही, त्याला तोंडाने काहीही पाजू नये. राज्य शासनाच्या पशुवैद्यकीय दवाखान्याखेरीज आता फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पोटफुगीत तो आधी फिरवावा आणि मग तेल शोधावे.

श्वास मोजणे फार सोपे आहे. सकाळी, सावलीत, जनावर शांत असताना मागच्या बाजूस थोडे दूर उभे राहावे आणि कूस किती वेळा उचलली जाते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. निरोगी गाय-बैल मिनिटास १२ ते ३० वेळा श्वास घेतात. शेळीमेंढीचेही साधारण तसेच. खानदेशातील दुपारी हा आकडा वाढणारच, कारण जलद व उथळ श्वासाने नाक-घशातील ओल उडते आणि त्याबरोबर उष्णता बाहेर जाते. परंतु ६० च्या वर आकडा गेला की जनावराला उष्णता सोसेनाशी झाली असे समजावे. तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळ गळते आहे, अशा अवस्थेत त्याला औताला जुंपणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. आपल्या गावरान बैलाला घामाच्या ग्रंथी बऱ्या असल्याने तो तग धरतो. संकरित गाय लवकर हरते. म्हशीचे कातडे काळे व घामाच्या ग्रंथी थोड्या, म्हणून ती डबक्यात बसते. डबके नसेल तेथे दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारावे आणि गोठ्याच्या भिंतींना वारा आरपार जाईल अशी वाट ठेवावी. पावसाळ्यात झड येऊ नये म्हणून गोठ्याला चहूकडून प्लास्टिकचा कागद बांधण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. मूत्राचा उग्र वास माणसाच्या डोळ्यांना झोंबत असेल, तर गुराच्या फुप्फुसाला रात्रभर काय होत असेल!

उन्हात धाप आणि सावलीतही धाप यांत मोठे अंतर आहे. सकाळच्या गारव्यात श्वास जलद असेल, गळ्याखाली गरम सूज असेल व घशातून घुरघुर ऐकू येत असेल, तर तो घटसर्प असण्याचा संभव असतो. त्यात सूज श्वासनलिकेलाच आवळते. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. मागाहून धावपळीचा उपयोग थोडाच होतो.

एका धापेचा उल्लेख राहून जाऊ नये, कारण ती ज्वारीच्या प्रदेशातील आहे. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर बुडख्याला आलेली हिरवी फूट, हिच्यात एक द्रव्य असते. त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे तीव्र विष सुटते. हे विष फुप्फुसाला हात लावीत नाही. हवा आत येते, रक्तही प्राणवायूने भरते. पण पेशींना तो प्राणवायू वापरताच येत नाही. भरल्या विहिरीवर मोट आहे आणि दांड फुटला आहे, तशी ती गत. म्हणून अशा जनावराच्या हिरड्या काळ्यानिळ्या न पडता लालभडक दिसतात. काही मिनिटांतच धाप, झोकांड्या आणि पडणे. पशुवैद्य शिरेतून सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट देतात, आणि वेळेत दिल्यास जनावर उठते. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत तीत गुरे सोडू नयेत. नीट वाळलेल्या कडब्याची भीती सहसा नसते.

अखेरीस माणसाच्या श्वासाविषयी. पूर्वी धान्य जमिनीतील पेवात साठवीत. पेव बंद असताना धान्य व त्यातील किडे श्वास घेत राहत. प्राणवायू संपे व कर्बवायू साठे. किडे त्यातच मरत, म्हणून धान्य टिके. पण पेव उघडताच आत उतरलेला माणूसही त्याच कारणाने मरे. जुने लोक म्हणून तोंड उघडून ते काही काळ तसेच ठेवीत. पेवांचा काळ गेला, तरी जुन्या बंद विहिरी, गोबरगॅसचे खड्डे व मळीच्या टाक्या आहेत. कर्बवायू हवेहून जड असल्याने तळाशी बसतो. त्याला वास नाही. कंदील दोराने खाली सोडून तो विझतो का हे विहिरीत पाहत असत. तो विझला तर उतरू नये हे खरे. परंतु तो न विझणे म्हणजे धोका नाही असे नव्हे, कारण विषारी हायड्रोजन सल्फाइड कंदील विझवीत नाही. गोबरगॅसच्या खड्ड्याजवळ तर ज्योत नेऊच नये, कारण तेथे पेटणारा मिथेन असतो. आधी पंख्याने वा पंपाने ताजी हवा आत सोडावी, कमरेला दोर बांधावा, वर दोन माणसे असावीत. आत गेलेला माणूस हाकेला ओ देईनासा झाला, तर दुसऱ्याने त्याच्या मागे उडी घेऊ नये. त्याला दोराने वर ओढावे. एकामागून एक भाऊ असे उतरून घरचे घर गेल्याच्या बातम्या आपण दर काही वर्षांनी वाचतो.

त्या वस्तीवर मी अजूनही जातो. म्हातारबाबा थकले आहेत. त्यांच्या नातवाने गोऱ्हा घेतला, तेव्हा मी त्याला कूस मोजावयास शिकविले. नळकांडे अद्याप गोठ्याच्या खुंटीवर आहे, पण आढ्यातला तो दोर त्यांनी सोडून टाकला आहे.